कोल्हापुरी चपलांच्या संकेतस्थळासाठी कीवर्ड नेमके कसे शोधायचे?

प्रश्न: पायताणघर (सुभाषनगर, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून कोल्हापुरी चपला तयार होतात. वडील आणि काका तळ कापून शिलाई करतात, आई आणि काकू पट्ट्यांवरच्या वेण्या विणतात, आणि गेल्या वर्षापासून विक्रीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आजवर आमचा बहुतेक माल चप्पल लाइनमधल्या दुकानदारांकडे जात असे. ग्राहकाने थेट आमच्याकडे मागणी नोंदवावी, या हेतूने मी एक संकेतस्थळ तयार करून घेतले. परंतु ते सुरू होऊन आठ महिने झाले तरी त्यावरून आलेल्या मागण्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत.

ज्यांच्याकडून हे काम करून घेतले, त्यांनी मला सांगितले होते की, ‘कोल्हापुरी चप्पल’ हा कीवर्ड (म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात तो शब्द) पानावर जितक्या जास्त वेळा येईल तितके चांगले. त्याप्रमाणे मुखपृष्ठावर तो चाळीसहून अधिक वेळा आहे, आणि वाचकाला न दिसणाऱ्या ‘मेटा कीवर्ड’ नावाच्या रकान्यात साठ शब्द भरलेले आहेत. तरीही हा शब्द गूगलवर टाकला की पहिल्या पाच पानांत आमचे नाव दिसत नाही.

मला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे सादर केली आणि देशभर चर्चा झाली, तेव्हा आठ-दहा दिवस आमच्या संकेतस्थळावरच्या भेटी एकदम वाढल्या. घरात सगळ्यांना आनंद झाला, वडिलांनी चामड्याची जादा खरेदीही केली, पण त्या दिवसांत एकही मागणी आली नाही. भेटी वाढूनही विक्री का झाली नसावी?

कीवर्ड रिसर्च म्हणजे नेमके काय करायचे, त्यासाठी पैसे भरून एखादे साधन घ्यावेच लागते का, आणि शब्द मराठी ठेवावेत की इंग्रजी, हे कोणी मुळापासून समजावून सांगेल का? मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, तांत्रिक शिक्षण नाही, पण सावकाश शिकण्याची तयारी आहे.

उत्तर: शब्दवेध (राजारामपुरी)

ताई, आपण प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडला आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे. मी गेली काही वर्षे लहान व्यावसायिकांसाठी हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, मेटा कीवर्डचा तो रकाना विसरून जा. क्रमवारी ठरवताना आपण त्याचा वापर करत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीरपणे सांगितले आहे. एकच शब्द चाळीस वेळा लिहिणे तर उलट अपायकारक आहे. गूगलच्या स्पॅमविषयक (म्हणजे फसव्या युक्त्या रोखणाऱ्या) धोरणात शब्दांची अशी कोंबाकोंबी स्पष्टपणे निषिद्ध मानली आहे. पानावर शब्द किती टक्के असावा याचे कोणतेही योग्य प्रमाण नसते. आपण एखाद्या गिऱ्हाइकाला चप्पल समजावून सांगताना तो शब्द जितक्या वेळा सहज येईल, तितक्या वेळा तो आला म्हणजे पुरे.

आता जूनमधल्या भेटींविषयी. आंद्रेई ब्रोडर या संशोधकाने 2002 मध्ये शोधांचे तीन प्रकार मांडले होते, आणि ती विभागणी आजही उपयोगी पडते. काही लोकांना माहिती हवी असते, काहींना एका ठरावीक ठिकाणीच पोहोचायचे असते, आणि काहींना खरेदीसारखे एखादे काम पूर्ण करायचे असते. जूनमध्ये ‘कोल्हापुरी चप्पल’ हा शब्द शोधणाऱ्या बहुसंख्य लोकांना नेमके काय घडले, ते पादत्राण कसे दिसते आणि त्याची किंमत किती आहे, एवढेच जाणून घ्यायचे असणार. त्यांना बातमी हवी होती आणि आपल्या पानावर चपला होत्या. शब्द तोच असला तरी त्यामागचा हेतू बदलला होता. म्हणून कोणताही कीवर्ड वहीत लिहिण्यापूर्वी हा शब्द टाकणाऱ्या माणसाला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवावे लागते, आणि माझ्या मते या संपूर्ण कामाचा निम्म्याहून अधिक भाग तोच आहे. शब्दाला महिन्याला किती शोध आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात कोणत्याही साधनापासून करू नका, एका वहीपासून करा. पंधरा दिवस येणारा प्रत्येक फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक संदेश आणि कारखान्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. त्यात सुधारणा करू नका. गिऱ्हाईक ‘नवीन चप्पल चावते का हो?’ असे विचारत असेल, तर वहीत ‘चावते’ हाच शब्द आला पाहिजे. त्याजागी आपण ‘सुरुवातीचा घर्षणजन्य त्रास’ असे लिहिले, तर तो शब्द कोणीही शोधत नाही. आपण कारागीर असल्यामुळे आपल्या मनात तळ, पट्टा, कान, अंगठा, वेणी असे शब्द प्रथम येतात. पुण्यात किंवा ठाण्यात बसलेल्या माणसाच्या मनात ‘लग्नात कुर्त्यावर घालायला’, ‘करकर वाजणारी’, ‘पावसात चालेल अशी’ असे शब्द येतात.

त्यानंतर गूगलच्या शोधपट्टीत वहीतले शब्द एकेक करून टाका आणि टंकन सावकाश करा, म्हणजे खाली येणाऱ्या सूचना वाचता येतील. ‘कोल्हापुरी चप्पल’ लिहून एक जागा मोकळी सोडा आणि पुढे क, ख, ग असे एकेक अक्षर टाकून पाहा. प्रत्येक अक्षरासोबत सूचना बदलतात. निकालांच्या मध्ये दिसणारे संबंधित प्रश्न आणि पानाच्या तळाशी येणारे संबंधित शोध हेही उतरवून घ्या. हे करताना खाजगी विंडो वापरली तर आपल्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो, मात्र आपण कोल्हापुरात बसून शोधत आहोत ही गोष्ट गूगलला त्या विंडोतही कळतेच. त्यामुळे मुंबईच्या ग्राहकाला काय दिसते हे पाहायचे असेल, तर तिकडच्या नातेवाइकाकडून पडद्याचे छायाचित्र मागवणे अधिक खात्रीचे ठरते.

पैसे भरावे लागतील का, तर सध्या मुळीच नाही. गूगल अ‍ॅड्सचे खाते उघडल्यावर त्यात कीवर्ड प्लॅनर हे साधन विनामूल्य मिळते. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्यांना त्यात नेमके आकडे दिसत नाहीत. ‘100 ते 1 हजार’, ‘1 हजार ते 10 हजार’ असे ढोबळ पट्टे दिसतात. नवशिक्यासाठी तेवढे पुरेसे आहे, कारण आपल्याला कोणता शब्द मोठा आणि कोणता लहान एवढेच समजून घ्यायचे असते. दोन ठिकाणी मात्र जपून राहा. तेथील ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधली चुरस दाखवतो. जाहिरातीविना वर येणे किती अवघड आहे, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. आणि तेथे दिसणारी मासिक संख्या ही सहसा बारा महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे जूनमधल्या त्या गदारोळाने यंदाची सरासरी फुगलेली असणार. आपल्या वडिलांनी चामडे खरेदी करताना जो अंदाज बांधला, तसाच अंदाज हा आकडा पाहून पुन्हा बांधला जाऊ शकतो, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

आपण ‘कोल्हापुरी चप्पल’ या दोनच शब्दांवर भर दिला, तेथे पहिल्या पानावर देशातली मोठमोठी विक्री-संकेतस्थळे आणि वृत्तपत्रे बसलेली आहेत. नव्या संकेतस्थळाने तेथे झुंज घेण्यात वर्ष वाया घालवू नये. तीन, चार, पाच शब्दांचे लांबट शोध निवडा. त्यांचे प्रत्येकी प्रमाण थोडे असते, पण शोधणारा नेमका काय मागतो आहे हे त्यात स्पष्ट दिसते. दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध पूर्वी कधीच न झालेले असतात, असे गूगलने वेळोवेळी सांगितले आहे. यावरून लोक किती निरनिराळ्या तऱ्हेने विचारतात, याची कल्पना यावी. साधनात एखाद्या शब्दापुढे शून्य दिसले तरी तोच प्रश्न गिऱ्हाइकांनी आपल्याला चारदा विचारला असेल, तर त्यावर अवश्य लिहा.

आपल्या संकेतस्थळाला गूगल सर्च कन्सोल हे गूगलचे साधन जोडलेले आहे का, हे संकेतस्थळ तयार करून देणाऱ्यांना विचारून घ्या. ते जोडलेले असेल तर जूनमधले लोक कोणते शब्द टाकून आले होते हे तेथेच दिसेल, आणि माझा वरचा तर्क बरोबर आहे की चूक याचाही निकाल लागेल.

उत्तर: गुजरीचा साज

वरील उत्तराशी मी सहमत आहे. भाषा आणि लिपी यांबाबत आमच्या सराफी दुकानाचा अनुभव सांगतो, कारण या बाबतीत आम्ही दीड वर्ष चुकीच्या समजुतीत होतो.

आमची समजूत अशी होती की मराठी माणूस मराठीतच शोधणार. प्रत्यक्षात आमच्याकडे येणारे बरेचसे मराठी ग्राहक ‘कोल्हापुरी साज’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधतात, कारण भ्रमणध्वनीवर त्यांना तीच सवय आहे. ‘साज’ लिहिताना कोणी एक ए वापरतो, कोणी दोन. आपल्या बाबतीत ‘चप्पल’ लिहिताना कोणी एक पी लिहील, कोणी दोन पी लिहील, कोणी शेवटी इंग्रजी अनेकवचनाचा एस लावील, आणि देवनागरीतही ‘कोल्हापुरी’ व ‘कोल्हापूरी’ अशी दोन्ही रूपे आढळतील. प्रत्येक रूपासाठी वेगळे पान करण्याची गरज नाही. अशी जवळची रूपे गूगल बहुधा एकच समजते. पानावर मात्र शुद्धच लिहावे. अशुद्ध रूप मुद्दाम पेरलेले वाचकाला खटकते आणि कारागिराच्या नावाला ते शोभत नाही.

आम्ही शेवटी मराठी आणि इंग्रजी अशी दोन स्वतंत्र पाने केली, आणि यंत्राने केलेले भाषांतर वापरले नाही. याचे कारण असे की दोन्ही भाषांतले ग्राहक वेगळे प्रश्न विचारतात. मराठी वाचकाला साज म्हणजे काय हे ठाऊक असते, त्याला त्यातल्या पानांची नावे, वजन आणि घडणावळ विचारायची असते. इंग्रजीत शोधणाऱ्याला हा दागिना मुळात काय आहे आणि तो कोणत्या साडीवर घालतात, हे आधी हवे असते.

आणखी एक गोष्ट स्थानाच्या नावाविषयी. आपण सारे अंबाबाईचे देऊळ म्हणतो. बाहेरगावचा यात्रेकरू मात्र अनेकदा ‘महालक्ष्मी मंदिराजवळ’ असे लिहितो. आम्ही पत्ता सांगणाऱ्या मजकुरात दोन्ही नावे सहजपणे येतील अशी वाक्यरचना केली. नकाशातल्या निकालांसाठी मात्र संकेतस्थळावरच्या पानापेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल (नकाशात दिसणारी व्यवसायाची नोंद) अधिक महत्त्वाचे आहे. तेथे शोधाशी असलेला मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात. सुभाषनगरचा कारखाना देवळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला पहिला दिसेल, ही अपेक्षा ठेवू नये, पण ‘कोल्हापुरी चप्पल कारखाना’ असे शोधणाऱ्याला तो दिसला पाहिजे.

गूगल ट्रेंड्स (एखाद्या शब्दाचे शोध काळानुसार कसे वाढले-घटले ते दाखवणारे साधन) वापरताना ‘शोधसंज्ञा’ आणि ‘विषय’ यांतला फरक लक्षात घ्या. शोधसंज्ञा निवडली तर आपण लिहिलेल्या त्याच शब्दांचा आलेख दिसतो. विषय निवडला तर निरनिराळ्या भाषांतले आणि लिप्यांतले त्याच अर्थाचे शोध एकत्र मोजले जातात. तसेच तेथील 100 हा आकडा म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च पातळीला 100 मानून बाकीचे त्या तुलनेत दाखवलेले असते.

पायताणघर (प्रश्नकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण वही पूर्ण केल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सर्च कन्सोल जोडलेले होते, मला त्याची माहिती नव्हती एवढेच. जूनमधले शब्द पाहिले आणि शब्दवेध यांचा तर्क बरोबर निघाला. बहुतेक शोधांत ‘प्राडा’ हा शब्द होता, आणि उरलेल्या अनेकांत ‘वाद’, ‘किंमत किती’, ‘इतिहास’ असे शब्द होते. खरेदीचा हेतू दिसावा असे शोध जवळजवळ नव्हतेच. वडिलांना ते दाखवले तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले की, दुकानापुढून मिरवणूक गेली म्हणून गिऱ्हाईक आले असे होत नाही.

वहीत एकूण 63 वाक्ये जमली. त्यांतली वारंवार आलेली अशी: नवीन चप्पल चावते, काय करावे, पावसात घातली तर खराब होईल का, खरी कोल्हापुरी कशी ओळखायची, कापशी चप्पल मिळेल का, नवरदेवासाठी चप्पल हवी, लहान मुलांच्या मापाची आहे का, करकर वाजणारी हवी, करकर न वाजणारी हवी, मशीनची की हाताची. ‘पायताण’ हा शब्द मात्र केवळ कोल्हापूर आणि आसपासच्या लोकांनीच वापरला, आणि मी तर संकेतस्थळाचे नावच त्यावरून ठेवले आहे.

आता माझ्या मनात अशी योजना आहे की, या प्रत्येक वाक्यासाठी एक पान करावे, आणि शिवाय ‘मुंबईत कोल्हापुरी चप्पल’, ‘पुण्यात कोल्हापुरी चप्पल’, ‘नाशिकमध्ये कोल्हापुरी चप्पल’ अशी शहरांची वीस पाने करावीत. हे योग्य होईल का?

उत्तर: शब्दवेध (राजारामपुरी)

वही उत्तम झाली आहे. शहरांची वीस पाने मात्र करू नका. आपले दुकान त्या शहरांत नाही, आणि केवळ गावाचे नाव बदलून तोच मजकूर वीस वेळा लिहिणे याला गूगल ‘डोअरवे’ पाने म्हणते. तीही स्पॅमच्या धोरणात मोडतात. त्याऐवजी घरपोच पाठवण्याविषयी एकच नीटस पान लिहा, त्यात कोणत्या भागात किती दिवसांत चप्पल पोहोचते आणि माप चुकल्यास बदलून कशी मिळते हे खरेखुरे सांगा.

प्रत्येक वाक्याला एक पान हेही बरोबर नाही. दोन शोध एकाच पानावर ठेवावेत की वेगळ्या, हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. दोन्ही शोध गूगलवर करून पाहा. पहिल्या पानावरचे बहुतेक निकाल दोन्हीकडे तेच असतील, तर गूगलच्या दृष्टीने तो एकच प्रश्न आहे आणि त्याला एकच पान पुरेसे आहे. निकाल निराळे असतील, तर पानेही निराळी हवीत. ‘खरी कोल्हापुरी कशी ओळखायची’ आणि ‘मशीनची की हाताची’ हे दोन प्रश्न माझ्या अंदाजाने एकाच लेखात बसतील, पण माझा अंदाज मानू नका, शोधून पाहा. एकाच हेतूसाठी दोन-तीन पाने केली, तर ती एकमेकांचीच जागा अडवतात.

निकाल पाहताना ते कोणत्या जातीचे आहेत हेही पाहावे. पहिल्या पानावर सारे लेख असतील, तर तेथे विक्रीचे पान सहसा टिकत नाही. सारी विक्रीची पाने असतील, तर लेख टिकत नाही. ‘कापशी चप्पल’ शोधणारा माणूस प्रकार ठरवून आलेला आहे, त्याला छायाचित्र, माप आणि किंमत दाखवा. ‘चावते, काय करावे’ असे विचारणाऱ्याने चप्पल आधीच घेतलेली आहे, बहुधा दुसऱ्या कोणाकडून. त्याला लगेच काही विकू पाहू नका. खोबरेल तेलाचा हात कोठे आणि किती द्यायचा, पहिल्या आठवड्यात रोज किती वेळ चप्पल घालावी, कोणता पट्टा सैल होतो आणि कोणता होत नाही, हे आपले वडील जसे सांगतात तसे लिहा. पुढच्या वेळी तो आपल्याकडे येईल.

‘खरी कशी ओळखायची’ हा शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि मोठ्या विक्री-संकेतस्थळांना नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे चार जिल्हे येतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे हाताला कसे लागते, त्याचा वास कसा असतो, चामड्याच्या वादीची शिलाई तळाशी कशी दिसते, हे छायाचित्रांसह दाखवा. येथे माहिती शोधणारा माणूस खरेदीच्या अगदी जवळ आलेला असतो. फसवणूक होऊ नये म्हणूनच तो विचारतो आहे.

‘पायताण’ या नावाचे दुःख मानू नका. तो शब्द शोध आणून देणार नाही हे खरे, म्हणून पानांच्या शीर्षकात तो पुढे ठेवू नका. पण नाव म्हणून तो सुंदर आहे, आणि एकदा लोकांच्या ध्यानात राहिला की ते थेट त्याच नावाने शोधतील. शीर्षकात आधी गिऱ्हाइकाचे शब्द आणि शेवटी आपले नाव, एवढा क्रम पाळा.

उत्तर: गुऱ्हाळकर (पन्हाळा तालुका)

वेळेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचे गुऱ्हाळ आहे आणि आम्ही गूळ व काकवी थेट पाठवतो. पहिल्या वर्षी आम्ही चिक्कीच्या गुळाचे पान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लिहिले. संक्रांत झाली, आणि ते पान गूगलवर दिसू लागले तेव्हा शोध ओसरले होते. नवे पान सापडून, तपासले जाऊन स्थिरावण्यास काही आठवडे किंवा महिनेही लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षापासून आम्ही तेच पान ऑक्टोबरमध्येच अद्ययावत करू लागलो. दर वर्षी नवे पान करत नाही, पत्ता तोच ठेवतो.

आपल्याकडेही लग्नसराईचे तसेच होणार. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, पण नवरदेवाच्या पोशाखाची चौकशी त्याच्या बरीच आधी चालू होते. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून गेल्या पाच वर्षांचा आलेख काढा, आणि जून 2025 चे ते टोक बाजूला ठेवून दर वर्षी कोणत्या महिन्यात रेषा चढते ते पाहा. ‘पावसात चालेल का’ हे पान मे महिन्यापूर्वी तयार असावे. वर म्हटल्याप्रमाणे बारा महिन्यांच्या सरासरीत हे चढउतार दिसत नाहीत, मात्र प्लॅनरमध्येच महिन्यांचा आलेखही असतो, तो उघडून पाहावा.

शब्दांविषयी एक अनुभव. आम्ही ‘काकवी’ लिहीत होतो, आणि मराठी ग्राहकाला ते पुरत होते. मोठ्या शहरांतले अमराठी ग्राहक ‘लिक्विड जॅगरी’ शोधतात हे आम्हाला एका गिऱ्हाइकाच्या संदेशावरून कळले. त्यानंतर इंग्रजी पानाचे शीर्षक बदलले. शब्दवेध यांच्या वहीच्या सूचनेवर माझा पूर्ण विश्वास आहे, फक्त एक भर घालतो: जे गिऱ्हाईक चौकशी करून खरेदी न करता जाते, त्याचे वाक्य आवर्जून लिहा. आपल्याकडे काय नाही, किंवा असूनही दिसत नाही, ते त्याच वाक्यातून समजते.

पायताणघर (प्रश्नकर्ती)

आपल्या सूचनांप्रमाणे काम केले, त्याची नोंद येथे ठेवते, म्हणजे माझ्यासारख्या इतर कोणाला उपयोग होईल.

मुखपृष्ठावरचा पुनरावृत्तीचा मजकूर काढून टाकला. 63 वाक्यांची निकालांवरून जुळणी केली तेव्हा एकूण नऊच पाने उरली. त्यांतली पाच विक्रीची आणि चार माहितीची. ‘करकर वाजणारी’ आणि ‘करकर न वाजणारी’ ही दोन वेगळी पाने होतील असे मला वाटले होते, पण निकाल जवळजवळ सारखेच आले, म्हणून एकाच पानावर दोन्ही प्रकार निवडण्याची सोय ठेवली. अस्सल चप्पल ओळखण्याचा लेख वडिलांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. त्याला चार संध्याकाळी लागल्या, कारण प्रत्येक वाक्यापाशी ते उठून एखादा तळ किंवा पट्टा आणून दाखवत होते. शहरांची पाने केली नाहीत.

आता दोन महिन्यांनंतर सर्च कन्सोलमध्ये पाहिले, तर ‘चावते’ या लेखाला सर्वाधिक इंप्रेशन (म्हणजे निकालांत दिसण्याच्या वेळा) आहेत. क्लिक अजून थोडे आहेत आणि सरासरी स्थान दुसऱ्या पानाच्या आसपास आहे. त्या लेखाखालच्या शोधांची यादी वाचताना मला एक असा शब्दसमूह दिसला, जो माझ्या वहीत कोठेही नव्हता आणि लेखातही मी लिहिलेला नव्हता: ‘रुंद पायासाठी कोल्हापुरी चप्पल’. तीन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलेले तसे शोध होते.

वडिलांना विचारले तर ते म्हणाले, चप्पल चावते म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचा पाय रुंद असतो, लांबीचे माप बरोबर असते आणि पट्टा आखूड पडतो. कारखान्यात येणाऱ्याचा पाय ते नेहमीच कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतात, पण दूरच्या गिऱ्हाइकाकडून आम्ही आजवर केवळ साईजचा आकडा मागत आलो आहोत. रुंद पायांसाठी वेगळे पान करायचे ठरवले आहे, आणि त्यात पाय कागदावर आखून त्याचे छायाचित्र कसे पाठवावे हे चित्रासह देणार आहे. शब्दवेध, या शोधाचे निकाल मी तपासले. पहिल्या पानावर बहुतेक सर्व विक्रीचीच पाने आहेत, पण मापाची पद्धत त्यांतल्या एकाही पानावर समजावलेली नाही. अशा वेळी विक्रीच्या पानावरच मापाची माहिती द्यावी की स्वतंत्र लेख करून तेथून दुवा द्यावा?

उत्तर: शब्दवेध (राजारामपुरी)

विक्रीच्या पानावरच द्या, आणि किमतीच्या वर द्या. येथे येणाऱ्या माणसाला चप्पल घ्यायचीच आहे, माप कळत नसल्यामुळे तो अडलेला आहे. ‘चावते’ या लेखातून मात्र या पानाकडे एक दुवा अवश्य ठेवा.